दम्याचा मुलगा बर्फावर उतरतो तेव्हा

"डॉक्टर, मुलाला दमा आहे. त्याला खेळू द्यावे का?" जून-जुलैत शाळा सुरू झाल्या की आणि डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या शर्यती जवळ आल्या की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक आईवडिलांनी उत्तर घरीच ठरवलेले असते. त्यांना माझ्याकडून फक्त पी. टी.च्या तासाला सूट मिळावी म्हणून शाळेला द्यायची चिठ्ठी हवी असते. ही चिठ्ठी मी सहसा देत नाही. त्याऐवजी अलीकडे त्यांना एका जपानी मुलाची हकीकत सांगतो. ती ऐकून सगळेच ऐकतात असे नाही, पण चिठ्ठी न घेता परत जाणारे बरेच आहेत.

या मुलाचे नाव युझुरू हान्यू. जन्म ७ डिसेंबर १९९४, गाव जपानच्या ईशान्येकडील सेंदाई. वयाच्या दुसऱ्या वर्षीच त्याला दमा असल्याचे निदान झाले. चौथ्या वर्षी थोरल्या बहिणीच्या मागे मागे तो बर्फाच्या रिंकवर गेला आणि फिगर स्केटिंग शिकू लागला. फिगर स्केटिंग म्हणजे पोलादी पात्याचे बूट घालून गुळगुळीत बर्फावर संगीताच्या तालावर केलेल्या उड्या, गिरक्या आणि पदन्यास. आपल्याकडे हा खेळ टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी दिसला तर दिसतो. पाहणाऱ्याला तो नाच वाटतो, पण छातीच्या दृष्टीने ती चार-साडेचार मिनिटांची जीव तोडून केलेली धाव आहे. शिवाय धापा टाकताना चेहरा हसरा ठेवावा लागतो.

दम्याच्या मुलासाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. याचे कारण समजून घेतले तर दम्याबद्दलचे निम्मे गैरसमज दूर होतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण स्वस्थ बसलेले असतो तेव्हा नाकाने श्वास घेतो. नाक हवा गाळते, ऊबदार करते आणि तिला ओलावा देते. धावू लागलो की नाक पुरे पडत नाही, तोंड उघडते आणि बाहेरची कोरडी, थंड हवा थेट श्वासनलिकेत शिरते. तिथले ओले अस्तर सुकू लागते. निरोगी माणसाला त्याचे फारसे काही वाटत नाही. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका मात्र आधीच सुजलेली आणि चिडखोर असते. अस्तर सुकताच तिथल्या पेशींतून काही रसायने बाहेर पडतात, नलिकेभोवतालचे स्नायू आवळतात आणि वाट अरुंद होते. गंमत म्हणजे हा त्रास पुष्कळदा धावताना न होता धावणे थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी जोर धरतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. म्हणून मास्तरांना वाटते, मुलगा खेळला तर चांगला आणि आता वर्गात खोकण्याचे सोंग करतो आहे. खेळून आल्यावर खोकत बसणाऱ्या मुलाला दरडावण्याआधी एकदा छाती तपासून घ्यावी, हे शिक्षक वाचकांना आवर्जून सांगतो.

आता रिंकचा विचार करा. हवा थंड आणि कोरडी. त्यात बर्फ सपाट करणारे यंत्र मधूनमधून फिरते. ते इंधनावर चालणारे असेल आणि इमारतीत हवा खेळती नसेल, तर त्याच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतात. बर्फावर आणि थंडीत खेळणाऱ्या खेळाडूंमध्ये श्वासनलिका आवळण्याचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो, तो यामुळेच. याउलट पोहताना हवा दमट असते, म्हणून पुष्कळ दमेकऱ्यांना पोहणे सोसते. हान्यूने मात्र नेमका बर्फच निवडला.

त्याचा परिणाम लहानपणी दिसतच होता. उड्या सुरेख, पण कार्यक्रमाच्या उत्तरार्धात दम संपायचा. २०१० साली हेग येथे तो कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला, तेव्हा वय पंधरा. पुढच्याच वर्षी ११ मार्च २०११ रोजी सेंदाईत सराव चालू असताना तो महाभूकंप झाला. पायातले स्केट न काढता तो बाहेर पळाला. घराचे नुकसान झाले, काही दिवस कुटुंबासह आश्रयस्थानात काढावे लागले आणि रिंक बंद पडली. मग योकोहामा, हाचिनोहे अशी दुसऱ्यांची रिंक धरून आणि गावोगावच्या प्रदर्शनी कार्यक्रमांत स्केटिंग करून त्याने सराव टिकवला. मार्च २०१२ मध्ये फ्रान्समधील नीस येथे प्रौढांच्या जागतिक स्पर्धेत तो पहिल्यांदाच उतरला. मधेच साध्या पावलावर घसरून पडला, उठला, पुढच्या उड्या पुऱ्या केल्या. शेवटी त्याला धड श्वास घेता येत नव्हता. तिसरा क्रमांक मिळाला.

त्यानंतर तो कॅनडात टोरांटोला ब्रायन ऑर्सर या प्रशिक्षकांकडे गेला. ऑर्सर स्वतः १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेते. फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातील सोची येथे हान्यूने शॉर्ट प्रोग्रॅम या छोट्या फेरीत १०१.४५ गुण मिळवले. ऑलिंपिकच्या या फेरीत शंभरी ओलांडणारा तो पहिलाच. दुसऱ्या दिवशीच्या लांब फेरीत दोनदा पडूनही एकूण २८०.०९ गुणांनी सुवर्णपदक त्याचे झाले. पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये आशिया खंडाला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण. वय एकोणीस.

"मग त्याचा दमा बरा झाला असेल," असे आईवडील म्हणतात. वयाबरोबर त्रास कमी झाला हे खरे, पण दमा गेला नाही. दमा हा मधुमेहासारखा सांभाळायचा आजार आहे. सांभाळण्याची साधने आज आपल्या तालुक्याच्या औषध दुकानातही मिळतात. अडचण साधनांची नाही, पंपाच्या भीतीची आहे.

पंपाची सवय लागते, पंप हा शेवटचा उपाय आहे, मुलीच्या हातात पंप दिसला तर लग्न जमणार नाही. ही तीन वाक्ये मी तीस वर्षे ऐकतो आहे. पहिल्या दोन वाक्यांना साधा हिशेब पुरेसा आहे. सालब्युटामॉलची मोठ्या माणसाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे दोन फवारे घेतले तरी औषध गोळीच्या विसाव्या हिश्शाइतकेच, तेही थेट जिथे हवे तिथे. गोळी आधी पोटात, मग रक्तात, मग हातापायांना कापरे भरवीत फुप्फुसात. तरीही लोक गोळ्या बिनधास्त घेतात आणि पंपाला घाबरतात. तिसऱ्या वाक्याला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही.

पंप दोन प्रकारचे असतात हे मात्र नीट समजून घ्यावे. एक तात्काळ आराम देणारा, तो आवळलेले स्नायू सैल करतो. दुसरा सूज कमी करणारा, त्यात अत्यल्प मात्रेत स्टेरॉइड असते. स्टेरॉइड म्हटले की पुन्हा घबराट होते, परंतु खरे उपचार या दुसऱ्या पंपानेच होतात. आमच्या विद्यार्थिदशेत आराम देणाऱ्या पंपावरच भर असे. आता जगभरच्या तज्ज्ञांचे मत बदलले आहे. नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दमा ढकलत नेणे धोक्याचे मानले जाते. सूज कमी करणारे औषध सोबत असलेच पाहिजे. खेळणाऱ्या मुलासाठी, आजार आटोक्यात असताना, डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळाआधी दहा-पंधरा मिनिटे फवारा घ्यावा. लहान मुलाला तो स्पेसरमधूनच द्यावा. एकदम न धावता दहा-पंधरा मिनिटे हळूहळू अंग तापवावे, कारण चांगले अंग तापवल्यावर पुढचे तास-दोन तास श्वासनलिका कमी चिडते. थंडीत नाकातोंडावर रुमाल बांधावा. आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल त्या दिवशी मात्र खेळ बंद.

काही वाचकांना शंका येईल की पंप म्हणजे खेळाडूंना बंदी असलेले उत्तेजक तर नव्हे? उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेच्या नियमांनुसार सालब्युटामॉल ठरावीक मर्यादेत पंपाने घेण्यास मुभा आहे. गोळी किंवा पातळ औषधाच्या रूपात घेण्यास मनाई आहे. म्हणजे इथेही पंपच बरा ठरला!

हान्यूच्या कारकिर्दीतला दुसरा धडा मात्र अनुकरण करण्यासारखा नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी शांघायमध्ये लांब फेरीआधीच्या सहा मिनिटांच्या सरावात तो आणि चीनचा यान हान भर वेगात एकमेकांवर आदळले. हान्यू बर्फावर पडून राहिला, हनुवटी आणि डोके रक्ताने माखले. थोड्या वेळाने डोक्याला पट्टी बांधून तो परत आला, पाच वेळा पडला आणि दुसरा क्रमांक घेऊन रडला. जपानभर त्याच्या जिद्दीचे कौतुक झाले, तशीच त्याला उतरू देणाऱ्यांवर टीकाही झाली. मी टीका करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. त्या दिवशी मी तिथे असतो तर त्याला उतरू दिले नसते.

डोक्याला मार बसल्यावर वरची जखम किती मोठी, याला फारसा अर्थ नसतो. मेंदू कवटीत हिंदकळलेला असतो. त्या स्थितीत दुसरा लहानसा धक्काही महागात पडतो आणि बर्फावर पाच वेळा पडणे म्हणजे पाच धक्के. कबड्डीच्या मैदानावर, मोटारसायकलवरून पडल्यावर, आपल्याकडे हेच होते. मुलगा उठला, पाणी प्याला, "काही नाही झाले" म्हणाला की सारे टाळ्या वाजवतात. तो गोंधळलेला असेल, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असेल, डोके दुखणे वाढत असेल, उलटी झाली असेल, झोपाळू वाटत असेल किंवा क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, तर त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. यातले काहीच नसले तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये. सामना पुढच्या रविवारीही असतो.

त्याच वर्षाअखेर त्याच्या पोटात दुखू लागले आणि ३० डिसेंबर २०१४ रोजी शस्त्रक्रिया झाली. कारण ऐकण्यासारखे आहे. आईच्या पोटात असताना बाळाच्या मूत्राशयापासून बेंबीपर्यंत एक नळी असते. जन्माआधी ती बंद होऊन तिची नुसती दोरी उरते. क्वचित कोणाची ती पुरती मिटत नाही आणि मोठेपणी तिथे जंतुसंसर्ग होतो, पोट दुखते, बेंबीतून स्राव येतो. हान्यूचे तेच झाले होते. बेंबी वारंवार ओली राहत असेल, मग ती तान्ह्या बाळाची असो की पंचविशीच्या तरुणाची, तेल-हळद भरत बसू नये. दाखवून घ्यावी. तीन महिन्यांत, मार्च २०१५ मध्ये, तो जागतिक स्पर्धेत दुसरा आला.

नंतरची काही वर्षे म्हणजे विक्रमांचा पाऊस. २०१५ च्या नोव्हेंबरात एकूण ३२२.४०, महिनाभरातच ३३०.४३. त्यापूर्वी तीनशेचा आकडा कोणीच गाठला नव्हता. पण मला गुणांपेक्षा त्याच्या उजव्या घोट्याची हकीकत सांगायची आहे.

हान्यू उड्या मारताना हवेत डावीकडे फिरतो, त्यामुळे त्याची प्रत्येक उडी उजव्या पायावर उतरते. चार गिरक्यांची उडी हवेत पाऊण सेकंदही टिकत नाही. तेवढ्यात चार वेळा फिरून, मागच्या दिशेने, जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर उतरायचे. उतरताना शरीराच्या वजनाच्या पाचपटीहून अधिक भार पायावर येतो. पंचावन्न किलोच्या मुलाच्या एका घोट्यावर पावणेतीनशे किलो, आणि हे दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षे.

९ नोव्हेंबर २०१७ रोजी ओसाकात सराव करताना लुट्झ नावाची चार गिरक्यांची उडी बिघडली आणि उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध दुखावले. ऑलिंपिक तीन महिन्यांवर. त्याने मधल्या सगळ्या स्पर्धा सोडल्या, सुमारे दोन महिने बर्फापासून दूर राहिला आणि उड्यांचा सराव ऑलिंपिकच्या तीनेक आठवडे आधी सुरू केला. कोरियातील प्योंगचांगला पोहोचल्यावर त्याने जे केले ते एखाद्या शहाण्या रुग्णाला शोभणारे होते. लुट्झ आणि लूप या चार गिरक्यांच्या दोन अवघड उड्या कार्यक्रमातून वगळल्या आणि ज्या हमखास जमतील तेवढ्याच ठेवल्या. अमेरिकेच्या नेथन चेनने लांब फेरीत चार गिरक्यांच्या सहा उड्या मारल्या, त्या फेरीत तो पहिलाही आला. तरी एकूण ३१७.८५ गुणांनी १७ फेब्रुवारी २०१८ रोजी सुवर्ण हान्यूलाच मिळाले. सलग दोन ऑलिंपिक जिंकण्याचा मान त्याआधी अमेरिकेच्या डिक बटन यांनी १९४८ आणि १९५२ मध्ये मिळवला होता. मधे सहासष्ट वर्षे गेली.

वेदनाशामक औषधे घेऊन आपण उतरलो होतो, हे त्याने स्वतःच नंतर सांगितले. पुढच्याच महिन्याची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॉस्कोत तोच घोटा पुन्हा दुखावला. त्याही दिवशी तो खेळला, जिंकला आणि पदक घ्यायला कुबड्या घेऊन आला. २०२१ च्या शरदात पुन्हा तोच पाय. एकदा ताणलेले अस्थिबंध पहिल्यासारखे घट्ट होत नाहीत आणि घोट्याची तोल जाणण्याची शक्तीही कमी होते, म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

आपल्याकडे पाय मुरगळला की पहिल्या तासातच गरम तेलाने चोळतात आणि लचक काढणाऱ्याकडून पाय ओढून घेतात. आत रक्तस्राव चालू असताना चोळणे म्हणजे सूज वाढवणे. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा लावावा. क्रेप बँडेज बांधावे आणि पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर, विशेषतः मागच्या कडेला, बोटाने दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. हाड शाबूत असेल तर मात्र महिनाभर पलंगावर पडून राहू नये. दुखणे सोसेल तसतसे चालावे. पुढे रोज दात घासताना त्या एका पायावर उभे राहावे, ते जमले की डोळे मिटून, पण शेजारी धरायला भिंत असू द्यावी. हा व्यायाम फुकट असल्यामुळे फारसा कोणी करत नाही.

कोरोनाच्या साथीत, ऑगस्ट २०२० मध्ये, हान्यूने त्या मोसमाच्या ग्रां प्री स्पर्धांतून माघार घेतली. कारणांमध्ये दम्याचाही उल्लेख होता. सेंदाईत प्रशिक्षकाविना एकटाच सराव करून डिसेंबरात तो राष्ट्रीय विजेता झाला. मार्च २०२१ मध्ये स्टॉकहोमला तिसरा आला, तेव्हा लांब फेरीनंतर दम्याचा सौम्य त्रास झाल्याचे त्याने सांगितले. सव्वीस वर्षांचा, दोन ऑलिंपिक सुवर्णे मिळवलेला हा खेळाडू, आणि दमा अजून सोबत.

शेवटची स्पर्धा फेब्रुवारी २०२२, बीजिंग. तोपर्यंत त्याने एकच ध्यास घेतला होता, साडेचार गिरक्यांची अ‍ॅक्सल. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सन यांनी १८८२ मध्ये प्रथम मारलेली ही उडी पुढे तोंड करून घेतात आणि मागे तोंड करून उतरतात, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त. छोट्या फेरीत बर्फातल्या एका खळग्यात पाते अडकले, पहिली उडी वाया गेली आणि तो आठवा राहिला. लांब फेरीच्या आदल्या दिवशी घोटा पुन्हा दुखावला. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो उतरला, अ‍ॅक्सल मारली आणि पडला. गिरकी किंचित अपुरी ठरली, तरी ती चार गिरक्यांच्या वरची अ‍ॅक्सल म्हणून अधिकृत नोंदीत गेली. एकूण क्रमांक चौथा. दुखरा सांधा बधिर करून त्यावर उतरणे म्हणजे धोक्याची घंटा कापूस कोंबून बंद करणे. सत्तावीस वर्षांचा जाणता खेळाडू ते स्वतःच्या जबाबदारीवर करतो. शाळकरी मुलाला सामन्याआधी वेदनाशामक गोळी देणाऱ्या प्रशिक्षकाला तो अधिकार नाही.

१९ जुलै २०२२ रोजी त्याने स्पर्धांतून निवृत्ती जाहीर केली आणि व्यावसायिक कार्यक्रम सुरू केले. त्याच सप्टेंबरात अमेरिकेच्या इलिया मालिनिन या सतरा वर्षांच्या मुलाने ती अ‍ॅक्सल स्पर्धेत पहिल्यांदा न पडता मारून दाखवली. २६ फेब्रुवारी २०२३ रोजी टोकियो डोममध्ये पस्तीस हजार प्रेक्षकांसमोर हान्यूचा एकट्याचा कार्यक्रम झाला. बर्फावर दुसरा खेळाडू नव्हता.